उजव्या कप्प्यातली

ती दुखत नाही. तिच्यामुळे ताप येत नाही, ठणका लागत नाही, अंगावर काही उमटत नाही. पंधरा-वीस वर्षं एकाच छातीत राहते आणि जिच्या छातीत राहते तिलाही पत्ता लागू देत नाही. इकोच्या कागदावर डॉक्टर तिला ‘सिव्हिअर पीआर’ म्हणतात. पूर्ण नाव पल्मनरी रिगर्जिटेशन. आमच्या घरात नुसतंच ‘व्हॉल्व्ह लीक’. माझ्या भाचीच्या हृदयात तिचं बिऱ्हाड आहे, आणि ते भाचीचं ऑपरेशन झालं त्या दिवसापासून आहे.

‘लीक’ म्हटलं की माणसं घाबरतात, पण भलत्याच गोष्टीला. माझ्या आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, “मग ते रक्त साठतं कुठं?” कुठंच साठत नाही. हृदयाबाहेर एक थेंब सांडत नाही. उजव्या खालच्या कप्प्याने फुफ्फुसांकडे ढकललेलं रक्त, कप्पा सैल पडला की, वाटेत अडवणारं कुणी नसल्यामुळे माघारी येतं. विहिरीतून दहा पोहरे ओढायचे आणि त्यातले चार पुन्हा विहिरीत ओतायचे, असा हा प्रकार. घरात पाणी तर दहा पोहरेच लागतं. म्हणजे ओढणाऱ्याने सोळा-सतरा ओढायचे. हृदय दिवसाला साधारण लाखभर ठोके देतं; प्रत्येक ठोक्याला हा हिशेब नव्याने.

निरोगी हृदयात या जागी तीन पाकळ्यांची झडप असते. पाकळ्या इतक्या पातळ की उजेडासमोर धरल्या तर पलीकडचं अंधूक दिसावं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या झडपांना खालून ओढून धरणारे दोर असतात. या झडपेला तेही नाहीत. पुढे गेलेलं रक्त मागे वळायला लागलं की त्याच्याच भाराने पाकळ्या भरतात आणि एकमेकींना चिकटतात. सगळी करामत तिघींच्या कडा नेमक्या जुळण्यात. त्या जुळल्या नाहीत, किंवा पाकळ्याच उरल्या नाहीत, की ही बाई घरात शिरली म्हणून समजा.

पण एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायला हवी. ती जन्मजात नाही. जन्मजात होता तो दोष वेगळा, आणि तो हिच्यासारखा गप्प बसणारा नव्हता. त्याला टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो म्हणतात. वॉर्डात नुसतं ‘टॉफ’. मार्सेयच्या एतिएन-लुई आर्थर फॅलो या डॉक्टरने १८८८ मध्ये त्याची चार लक्षणं एकत्र बांधून दाखवली. त्याच्या दोनशे वर्षं आधी निल्स स्टेन्सेन या डेन्मार्कच्या माणसाने हेच हृदय उघडून पाहिलं होतं, पण नाव लागलं ते फॅलोचं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, फुफ्फुसांकडे जाणारी वाट चिंचोळी, महाधमनी सरकून त्या छिद्रावर येऊन बसलेली, आणि या सगळ्याशी झुंजून उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली. फुफ्फुसांत पुरेसं रक्त पोचत नाही, अशुद्ध रक्त छिद्रातून थेट महाधमनीत जातं, आणि बाळ निळं पडतं.

भाची तशीच होती. रडली की ओठ जांभळे. चालायला लागल्यावर चार पावलं टाकायची आणि मध्येच उकिडवी बसायची. ताईला वाटायचं लाडात येते, उचलून घ्या म्हणते. नंतर कळलं, की टॉफची मुलं हे न शिकवता करतात. उकिडवं बसलं की पायांतल्या धमन्या दुमडतात, शरीराकडे जाणाऱ्या वाटेत अडथळा वाढतो, आणि महाधमनीकडे पळणारं रक्त थोडं फुफ्फुसांकडे वळतं. दोन वर्षांच्या पोरीने स्वतःपुरता शोधलेला हा उपाय औषधाच्या पुस्तकांत छापलेला आहे.

अशा मुलांसाठी बराच काळ कुणाकडे काही नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लेलॉकने हाताला जाणारी धमनी वळवून फुफ्फुसधमनीला जोडली. कल्पना हेलन टाउसिगची. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती तंत्रासकट बसवली व्हिव्हियन थॉमसने. हा कृष्णवर्णीय तंत्रज्ञ त्या दिवशी ब्लेलॉकच्या मागे उभा राहून टाके कुठे घालायचे ते सांगत होता. पण ती पळवाट होती. मूळ दोष आतून दुरुस्त करायला हृदय उघडावं लागतं. ते पहिल्यांदा केलं मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी, ३१ ऑगस्ट १९५४ रोजी. हृदय-फुफ्फुस यंत्र त्यांच्या हाताशी नव्हतं. म्हणून शेजारच्या टेबलावर एक धडधाकट माणूस झोपवून त्याचं हृदय आणि फुफ्फुसं मुलासाठी वापरली. पुढच्याच वर्षी मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यंत्र लावून हे करू लागले, आणि मग ही शस्त्रक्रिया जगभर गेली.

छिद्रावर ठिगळ लावणं सोपं नसलं तरी सरळ आहे. अडचण चिंचोळ्या वाटेची. नुसता स्नायू वाढलेला असेल तर तो कापता येतो. पण झडपेचं कडंच इतकं लहान असेल की त्यातून आयुष्यभराचं रक्त जाणार नाही, तर सर्जनकडे एकच मार्ग उरतो. कडं आरपार छेदायचं, कप्प्यापासून धमनीपर्यंत चीर उघडायची आणि तिथे रुंद ठिगळ शिवायचं. ठिगळ बहुतेक वेळा मुलाच्याच हृदयावरच्या आवरणाचं असतं. वाट मोकळी होते, बाळ टेबलावरच गुलाबी होतं. आणि झडप, जी आधीच जाड आणि वेडीवाकडी होती, ती कायमची उघडी पडते. हिचा जन्म त्या क्षणी होतो.

म्हणून “सर्जनने झडप फाडून ठेवली” असं कुणी बोललं की मला राग येतो. आमच्याही एका नातेवाइकाने ते बोलून घेतलं. सर्जनला ती येणार हे माहीत होतं. त्याने तिला येऊ दिलं, कारण दुसरीकडे निळं बाळ होतं आणि त्याच्यापाशी वेळ फार नव्हता. हिला ठेवून घेतलं म्हणून भाची शाळेत गेली, सायकल शिकली, भावाशी मारामाऱ्या करून वाढली. हिच्याबद्दल जे काही वाईट लिहायचं ते हे मान्य करूनच लिहावं लागतं.

तशी तिची अब्रूही बराच काळ चांगली होती. हृदयाच्या उजव्या बाजूला दाब कमी. डावा कप्पा १२० च्या दाबाने रक्त फेकतो, उजव्याला पंचवीसभर पुरतो. एवढ्याशा दाबात थोडं मागे आलं तर काय बिघडतं, असं मोठमोठे तज्ज्ञ समजत होते, आणि दहा-वीस वर्षं मुलं धावताना दिसत होती म्हणून त्यांना खोटं पाडायलाही कुणी नव्हतं. मग ती मुलं तीस-चाळीस वर्षांची झाली. काहींना धाप लागू लागली, काहींच्या हृदयाची लय बिघडू लागली, आणि थोडी, अगदी थोडी, अचानक गेली. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टनमधल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये दाखवलं, की ताणून मोठा झालेला उजवा कप्पा ईसीजीत स्वतःची खूण सोडतो. ईसीजीतली क्यूआरएस नावाची टोकदार रेघ रुंद होत जाते, आणि ती १८० मिलिसेकंदांच्या पुढे गेलेल्यांत जिवावर बेतणारी लय जास्त सापडते. त्यानंतर हिला निरुपद्रवी म्हणणं हळूहळू थांबलं.

पण तिचा खरा स्वभाव मला कळला तो एका डॉक्टरांनी भाचीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा. साध्या समजुतीप्रमाणे मोठी गळती म्हणजे मोठा आवाज. इथे उलटं. लहान गळती असेल तर रक्त फटीतून जोराने येतं, भोवरे होतात, आवाज ऐकू येतो. झडप जवळजवळ नसल्यातच जमा असेल तर धमनीतला आणि कप्प्यातला दाब पटकन सारखा होतो, रक्त मुकाट्याने मागे सरकतं, आणि कानाला लागते ती एक आखूड, खालच्या पट्टीतली खसखस. घाईतल्या ओपीडीत ती सहज निसटते. इकोच्या रंगीत चित्रातही कधी कधी निसटते, कारण तिथेही नजर भोवरे शोधायला सरावलेली असते. म्हणजे ही जितकी वाढत जाते तितकी गप्प होत जाते.

आणि जिच्यात ती राहते तिचीही तिला साथ असते. भाचीला विचारलं तर म्हणते, “मला काही होत नाही.” खोटं बोलत नाही. तिचं हृदय तिसऱ्या वर्षापासून असंच आहे, न गळणारं हृदय कसं वाटतं हे तिला कुणी कधी दाखवलेलंच नाही. जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर ती मैत्रिणींच्या मागे राहते, आणि घरात सगळे म्हणतात, हिला पहिल्यापासून रमतगमत चालायची सवय. ट्रेडमिलवर, तोंडाला मुखवटा लावून श्वासातला प्राणवायू मोजला, तेव्हा आकडा तिच्या वयाच्या मुलीला शोभेल असा नव्हता. रमतगमत चालण्याचं कारण तिथे छापून आलं.

या सगळ्यात मला कीव येते ती उजव्या कप्प्याची. पातळ भिंतीचा, डाव्याभोवती अंग चोरून बसलेला, फारसा कुणी न वाखाणलेला कप्पा. हा ताणत जातो. परत आलेलं रक्त आणि नव्याने आलेलं रक्त दोन्ही सामावून घेण्यासाठी मोठा होतो, आणि वर्षानुवर्षं दोघांना पुरून उरतो. मग एका टप्प्यावर तो ताणला जातो पण आकसत नाही. त्याच्या आणि उजव्या वरच्या कप्प्यामधली झडपही ताणाने सैल होते आणि तिथे दुसरी गळती सुरू होते.

यातलं एक कोडं सर्जन मंडळींना फार उशिरा उमगलं. ज्या मुलांचा उजवा कप्पा ऑपरेशननंतर जरा ताठ राहिला, त्यांच्यात पुढे ही कमी माजली. ताठ भिंत परतीचं रक्त घ्यायलाच कुरकुर करते. ज्यांची वाट थोडी चिंचोळी सोडली, त्यांचंही बरं चाललं. म्हणून आताचे सर्जन शक्य तिथे झडपेचं कडं वाचवतात आणि थोडा अडथळा मुद्दाम ठेवतात. पन्नास वर्षं वाट जितकी मोकळी तितकं उत्तम असं शिकवल्यानंतर हे पुन्हा शिकावं लागलं.

आता तिच्या सगळ्यात मोठ्या साथीदाराबद्दल. तो म्हणजे डिस्चार्जच्या दिवशी बोललेलं वाक्य: “आता मुलगी पूर्ण बरी.” ताईने पेढे वाटले. कुणी वाटणार नाही? पण त्या एका वाक्यावर किती मुलं फॉलोअपमधून गळाली असतील! गाव बदलतं, बापाची बदली होते, मुलगी मोठी होते, लग्नाच्या बोलण्यांत छातीवरच्या खुणेचा विषय नको म्हणून फाइल कपाटाच्या तळाशी जाते. भाचीची फाइल तर जिथे ऑपरेशन झालं तिथेच सापडेना. कडं कापलं होतं की नाही, ठिगळ कशाचं होतं, हे सांगणारा कागद नाही. शेवटी एमआरआयवरून अंदाज बांधला. माझ्या मते डिस्चार्ज कार्डावर सगळ्यात वर, मराठीत, ठळक अक्षरांत लिहायला हवं, की दर वर्षी-दोन वर्षांनी हृदय दाखवायचं आहे, जन्मभर.

मुलं शोधण्याची बाजू आपल्याकडे पुष्कळ सुधारली, हेही लिहिलं पाहिजे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. तेव्हापासून पथकं अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलांची छाती ऐकतात, आणि हृदयदोष सापडला तर ऑपरेशन सरकारी खर्चाने होतं. खारघरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात तर पैसे भरायची खिडकीच नाही. पण मूल अठरा वर्षांचं झालं की ते कुणाचं? लहान मुलांचे हृदयतज्ज्ञ म्हणतात, आता मोठ्यांकडे जा. मोठ्यांचे हृदयतज्ज्ञ रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या काढण्यात गुंतलेले. टॉफचं जुनं ऑपरेशन पाहिलं की त्यांच्या कपाळावर आठी येते. नोकरी करणारी भाची अजून भिंतीवर हत्ती-जिराफ रंगवलेल्या ओपीडीत बसते, आजूबाजूला दुपट्यातली बाळं. समोरच्या आया तिला विचारतात, “तुमचं बाळ कुठंय?”

एमआरआय हे मात्र या बाईला बोलतं करणारं यंत्र. उजव्या कप्प्याचा आकार इतका वाकडा की इकोने त्याचं माप नीट लागत नाही, एमआरआयने लागतं. पाऊण तास बोगद्यात पडून राहायचं आणि कानातल्या आवाजाचं ऐकायचं: श्वास घ्या, सोडा, थांबवा. बाहेर येतो तो आकडा. ढकललेल्या रक्तापैकी किती टक्के परतलं, आणि कप्पा पूर्ण भरतो तेव्हा शरीराच्या आकाराच्या हिशेबात किती मोठा. भाचीचं चाळीस टक्क्यांच्या घरात परततं.

मग सुरू होतं वाट पाहणं. लोकांना वाटतं, गळते तर बदलून टाका. पण नवी झडप बहुतेकदा प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली असते. ती अंदाजे दहा-पंधरा वर्षं टिकते, लहान मुलांत त्याहून कमी. फार लवकर बसवली तर आयुष्यात एक ऑपरेशन जास्त. फार उशीर केला तर उजवा कप्पा इतका ताणलेला असतो की झडप बदलूनही तो जुन्या मापाला येत नाही. पूर्ण भरलेल्या कप्प्याचं माप शरीराच्या दर चौरस मीटरला १७० मिलिलिटरच्या पुढे गेलं की त्याचं परतणं कठीण, असं दिसलं आहे. म्हणून १५०-१६० च्या आसपास डॉक्टर गंभीरपणे बोलायला लागतात. त्यात दम लागणं, लय बिघडणं, बाळंतपणाचा विचार, हे सगळं मिसळतं. हिने कधीच घाई केली नाही. घाई करायची की नाही हे दुसऱ्यांना ठरवावं लागतं, तेही आकड्यांवरून.

पूर्वी ठरलं की छाती पुन्हा उघडावी लागे. २००० साली पॅरिसमध्ये फिलिप बोनहोफर यांनी एका बारा वर्षांच्या मुलाला, छाती न कापता, शिरेतून नळी घालून झडप बसवली. गाय-बैलांच्या मानेच्या शिरेत निसर्गतः झडप असते. ती धातूच्या जाळीत शिवून, घडी करून आत नेली आणि फुग्याने फुलवली. पण ही सोय प्रामुख्याने ज्यांच्या फुफ्फुसांकडच्या वाटेत आधीच कृत्रिम नळी शिवलेली होती त्यांच्यासाठी. ठिगळवाल्यांची वाट या बाईने इतकी ऐसपैस करून ठेवलेली असते की ती झडप तिथे टेकतच नाही. तेवढ्या रुंद वाटेत स्वतःहून फुलणारी, खास त्यासाठी बनवलेली हार्मनी नावाची झडप अमेरिकेत मार्च २०२१ मध्ये मंजूर झाली. आपल्याकडेही गुजरातेत वापीला बनणारी मायव्हॅल ही मुळात महाधमनीसाठीची झडप काही डॉक्टर या जागी बसवतात. त्याआधी एक फुगा फुगवून बघतात, की आतून दाब पडल्यावर शेजारची हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चेपत नाही ना.

संमतीच्या कागदावर सही करायची वेळ आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो: “कशाची असते हो? गाईची की डुकराची?” ताईनेही विचारला. डॉक्टरांनी, हा प्रश्न रोजचाच असल्यासारखं, दोन्ही प्रकार असतात म्हणून सांगितलं, कुठली कशासाठी तेही सांगितलं. माझी आई यावर काही बोलेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, जास्त कुठली टिकते.

भाचीचा प्रश्न वेगळा होता. “नवी बसवली की ही जाईल?”

“जाईल,” डॉक्टर म्हणाले. “कप्पा लहान होईल, तुला जिन्यावर फरक कळेल. पण नवी झडप काही वर्षांनी कडक होते किंवा गळायला लागते. तेव्हा हीच पुन्हा भेटेल, नाहीतर हिची बहीण. तेव्हा नळीतून जुन्या झडपेच्या आत नवी बसवता येते का ते बघू.” मग त्यांनी एकदम विचारलं, “दात शेवटचे कधी दाखवलेस?”

भाचीला वाटलं, विषय बदलला. तसं नव्हतं. हिरडीतून रक्तात शिरलेले जंतू साध्या हृदयातून वाहून जातात. कृत्रिम झडपेवर ते घर करतात, आणि तो संसर्ग जीव घेऊ शकतो. पुढे जन्मभर दाढ काढायची झाली तरी आधी प्रतिजैविकाची गोळी घ्यावी लागणार. म्हणून झडपेची तारीख ठरवण्याआधी तोंडाची तपासणी. ती केली. उजवीकडची खालची अक्कलदाढ आतून पोखरलेली निघाली. तीही दुखत नव्हती. आधी ती काढायची ठरली, आणि एमआरआय पुन्हा दिवाळीनंतर.